चालत्या गाडीतून उतरून बोरं खाणाऱ्यांनो

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज येतो. वर जुन्या नॅरोगेज गाडीचा धुरकट फोटो. खाली मजकूर असा: आपली बार्शी लाइट इतकी हळू धावायची की चालत्या गाडीतून उतरायचं, रानातली बोरं खायची आणि पळत येऊन शेवटचा डबा पकडायचा. गेले ते दिवस. त्याखाली हात जोडलेल्या आणि डोळे पुसणाऱ्या इमोजींची रांग.

हाच किस्सा मी माथेरानच्या गाडीबद्दल वाचलाय. विदर्भातल्या शकुंतलेबद्दलही वाचलाय, तिथे बोरांऐवजी संत्री होती. ऑफिसातल्या एका गुजराती मित्रानं त्यांच्याकडच्या नॅरोगेजबद्दल सांगितला तेव्हा त्यात शेंगा होत्या. फळ बदलतं, किस्सा तोच. एवढी माणसं खरंच उतरून खात बसली असती तर गाड्या रिकाम्याच पोचल्या असत्या.

माझं भांडण या किश्श्याशी आहे. तो खोटा आहे म्हणून नाही, कुठेतरी कुणीतरी बोरं खाल्लीही असतील. पण तो एकदा सांगितला की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. शंभर वर्षं चाललेली, हजारो माणसांना पोसणारी एक आख्खी रेल्वे आपण एका गोंडस विनोदात गुंडाळून ठेवली आणि वर आपल्याला तिच्याबद्दल फार प्रेम आहे असं समजून बसलो.

हे कळायला मला माळ्यावर चढावं लागलं.

आमचं बार्शीचं घर जुनं आहे. वर पत्रे, पत्र्यांखाली फळ्यांचा माळा. पूर्वी तिथे ज्वारीची पोती असायची, नंतर मोडक्या खुर्च्या आणि माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं आली. मी पुण्यात कोड लिहितो. दोन आठवड्यांतून एकदा शनिवार-रविवार घरी जातो आणि माळ्यावर तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद प्लायवूडवर छोटी रेल्वे बांधतो. लहानपणी शाळेच्या सहलीत कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं होतं, तेव्हापासूनची ही खाज. नोकरीचे पैसे आल्यावर फुटली.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. पहिल्या वर्षी मी परदेशी सेट मागवला आणि त्यातल्या डब्यावरच्या चित्राप्रमाणे हुबेहूब बांधला. उतरत्या कौलांची घरं, लाल टपालपेटी, हिरव्यागार टेकडीवर मेंढ्या. बाहेर एप्रिलचा फुफाटा, आणि बार्शीतल्या पत्र्याखाली इंग्लंडातलं खेडं. आई जिना चढून वर आली, बघून म्हणाली, "छान झालंय रे. कुठलं आहे हे?" मला उत्तर देता आलं नाही. ते कुठलंच नव्हतं.

म्हणून ते सगळं उचकटलं आणि ठरवलं की आपल्या लाइनवरचं एक छोटं स्टेशन बांधायचं. जिथे माझे आजोबा, आमचे आबा, सांधेवाले होते.

गणित तर देवानंच जुळवून ठेवलं होतं. मॉडेल रेल्वेत जगभर चालणारं एक प्रमाण आहे, एचओ. त्यात सगळं ८७ पट लहान होतं. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारे एचओचे रूळ मात्र साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी बनलेले. म्हणजे भारतीय ब्रॉडगेजचं मॉडेल पहिल्या रुळापासूनच अंगाला घट्ट होतं. बार्शी लाइटचं गेज ७६२ मिलिमीटर. ८७ नं भागा, पावणेनऊच्या आसपास येतात. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात. मी रात्री अकरा वाजता कॅल्क्युलेटर हातात धरून एकटाच हसत होतो.

पुढचं हसू मात्र लवकर मावळलं. मला फक्त चार गोष्टी हव्या होत्या: फलाटाची लांबी, रूळ किती होते, सांधे कुठे होते, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती. बोरांचा मेसेज पाठवणाऱ्या अकरा जणांना फोन केले. अकरा जणांना गाडीची शिट्टी आठवत होती. रूळ किती होते हे सांगताना तिघं दोन म्हणाले, दोघं तीन म्हणाले, एक काका म्हणाले, "अरे, ते कोण मोजतं?" एका कार्यालयात गेलो, तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं की जुने नकाशे रद्दीत गेले असावेत. मग त्यांनीही मला बोरांचा किस्सा सांगितला.

या लाइनबद्दल जे कागदावर आहे ते वाचायला बसलो तेव्हा आधी राग आला, मग लाज वाटली. कारण ही गाडी गोंडस नव्हतीच. ती हिशेबाची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ती सुरू झाली. त्याचा सगळा खटाटोप एका प्रश्नाभोवती होता: पैसे कमी आहेत, रूळ हलके टाकायचेत, तरी वजन भरपूर न्यायचंय, कसं? त्यानं यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचे रूळ वापरले. आज मुख्य ब्रॉडगेज मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. इतक्या हलक्या रुळांना झेपावं म्हणून त्यानं नियम केला: इंजिन असो की वाघिण, एका अ‍ॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणून त्याच्या इंजिनांना वजन वाटून घ्यायला जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार होती. कोड लिहिणारा माणूस हे वाचून टोपी काढतो. कमी मेमरीत जास्त काम करून घेण्याचीच ही गोष्ट आहे.

पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. पंढरीच्या यात्रांचा भार तिनं या हलक्या रुळांवरून वाहिला. आणि आपण तिला काय म्हणतो? खेळण्यातली गाडी.

याच कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडात, स्टॅफर्डशायरमध्ये, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच एक लाइन बांधली. गेज तेच, ७६२. ती तेरा-चौदा किलोमीटरची होती, १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. जेमतेम तीस वर्षं. पण तिची इंजिनं, डबे, स्टेशनं यांची मापं मला माझ्या फोनवर एका संध्याकाळीत सापडली, कारण तिथले छंदिष्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या तिची मॉडेलं बनवत आलेत. तीस वर्षांच्या गाडीचा दरवाजा किती रुंद होता हे मला माहीत आहे. शंभर वर्षं चाललेल्या माझ्या दारातल्या गाडीच्या स्टेशनात रूळ किती होते ते माहीत नाही. इंग्रजांचं त्यांच्या गाडीवर आपल्यापेक्षा जास्त प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी टेप लावून मोजलं, आपण उसासे टाकले. एवढाच फरक.

आता कुणी म्हणेल, तूही स्मरणरंजनच करतोयस, फक्त महागातलं. नाही. स्मरणरंजनाला कुणी अडवत नाही. तुम्ही म्हणालात की डोंगरावरून गाडी झोकात यायची, तर ती येते. माळ्यावर ती येत नाही. चढ जास्त झाला की इंजिनाची चाकं जागेवर फिरतात. वळण घट्ट झालं की डबा घसरतो. माझी गाडी डीसीसीवर चालते, म्हणजे रुळांतूनच वीज जाते आणि त्याच विजेत शून्य-एकचे आदेशही जातात. आदेशाच्या शेवटी तपासणीचा एक आकडा असतो. तो जुळला नाही तर इंजिन आदेश फेकून देतं, ढिम्म हलत नाही. बोरांच्या किश्श्याला असा तपासणीचा आकडा नाही, म्हणून तो चार राज्यांत विनाअडथळा धावतो.

गेल्या मे महिन्यात माळ्यावर रूळ वाकडे झाले. पत्र्याखाली अक्षरशः भट्टी होती आणि मी जोडांमध्ये फट ठेवली नव्हती. तीन मीटरचा रूळ पंचवीस अंशांनी तापला की साधारण सव्वा मिलिमीटर वाढतो. सव्वा मिलिमीटरनं माझी लाइन सापासारखी झाली. खाली येऊन आबांना सांगितलं. आबा बाजेवर पडले होते. ते उठून बसले.

"मग? उन्हाळ्यात गँगवाले काय झोपा काढत हुते व्हय?"

आणि पुढचा तासभर ते बोलले. दुपारच्या उन्हात रूळ तपासत चालणारी माणसं, तापलेल्या रुळाला हात लावून अंदाज घेणारा मुकादम, रात्री कंदील घेऊन सांध्यापाशी उभं राहणं, पावसात हँडल ओढताना पाय सरकून मोडलेलं बोट. ते बोट मी जन्मापासून बघतोय. कशानं वाकडं आहे हे कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना एकच विचारत आलो, "तेव्हा काय मजा होती ना, आबा?" आणि ते म्हणायचे, "हां, हुती." माणूस काय उत्तर देणार? प्रश्नातच उत्तर भरून दिलंय.

वाकलेल्या रुळानं मला पहिला खरा प्रश्न दिला. माझं सगळं म्हणणं यातच आहे.

फलाटावर कोण उभं करायचं यावरूनही वाद झाला. ८७ पट लहान माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो. सेटमधली माणसं हॅटवाली होती, त्यांच्या हॅट कापून मी मुंडाशी बांधली. एका मित्रानं सुचवलं, "दिंडी ठेव, पताका ठेव, रील तुफान चालेल." दिंडी मी ठेवीनही. पण आधी गँगमन उभे केलेत, चार. एक वाकलेला, एकाच्या हातात हातोडा. रीलमध्ये ते दिसणार नाहीत. त्यांच्याशिवाय गाडी एक दिवस चालली नसती.

दोन गोष्टी कबूल करतो, नाहीतर मीही उसासेवाल्यांतलाच. एक: लाइन ब्रॉडगेज झाली ते योग्यच झालं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली ती या ब्रॉडगेजमुळेच. पाच टनांच्या अ‍ॅक्सलवर ते होणं नव्हतं. रूळ उखडले याचं मला दुःख नाही, उखडण्याआधी कुणी मोजले नाहीत याचा राग आहे. दोन: माझं मॉडेलही पूर्ण खरं नाही. तीन मीटरांत खरे २६१ मीटरच बसतात, यार्ड त्याहून लांब होतं. म्हणून काही ठिकाणी मी ते आखडलं आहे. पण जिथे जिथे खोटं केलं, तिथे प्लायवूडच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: इथे अंदाज, इथे कापलं, इथे आबांच्या शब्दावर. कोडमध्ये कॉमेंट लिहितात तसं.

"इंजिनिअर होऊन खेळणी खेळतो" असं आत्या म्हणते. तिला सांगून उपयोग नाही, तुम्हाला सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ साली मुलांनी मॉडेल रेल्वेचा क्लब काढला. त्यांच्या लेआउटच्या पोटातल्या तारा आणि रिले जोडता जोडता त्यातली काही मुलं कॉम्प्युटरकडे वळली. 'हॅक' हा शब्द आजच्या अर्थानं त्याच कोंडाळ्यात रुजला. ज्या धंद्यावर माझं पोट चालतं त्याची एक मुळी अशाच लाकडी फळीखाली आहे. पण समजा नसती, तरी मी माळ्यावर चढलोच असतो.

आबांना आता जिना चढवत नाही. गेल्या महिन्यात मी वरून व्हिडिओ कॉल लावला आणि पूर्ण स्टेशन दाखवलं. फोन फलाटावरून हळूहळू फिरवला. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"आरं, तुजा दुसरा सांधा उलटा बसलाय. तितनं गाडी आत न्यायची कशी? आनि रूळ तीन हुते. तिसरा छोटा, मालाचा. तिकडं भित्तीकडं."

रूळ तीन. अकरा फोन, एक कार्यालय, आणि उत्तर खालच्या बाजेवर होतं.

तेव्हा पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एक काम करा. तुमच्या गावातलं जे काही जाणार आहे, जिनिंग मिल, थिएटर, आडावरची मोट, जुनं एसटी स्टँड, तिथे एकदा टेप घेऊन जा. टेप नसेल तर पावलांनी मोजा. फोटो काढाल तर शेजारी एखादी मोजलेली काठी उभी करा. आणि तिथे काम केलेलं कुणी घरात असेल, तर मजा होती का असं विचारू नका. हँडल कुठल्या बाजूला होतं ते विचारा.

मी येत्या शनिवारी सांधा उचकटणार आहे. भिंतीकडे तिसऱ्या रुळाला अकरा सेंटिमीटर जागा आहे. बसेल.