शून्य गुणांचा अर्थ

स्मृतिभ्रंश अखेरच्या टप्प्यावर पोहोचला, चाचणीत तीसपैकी शून्य गुण पडले, की रुग्णाची बुद्धी संपली असे मानले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. फोल्स्टीन यांच्या १९७५ च्या या चाचणीत वजाबाकी करावी लागते, वाक्य लिहावे लागते. पनवेल तालुक्यातील ज्या आगरी वृद्धेने पाटी कधी हाती धरली नाही, तिच्या शून्यात आजार किती आणि निरक्षरता किती? निरक्षरांसाठी बल्लभगढ येथे बेतलेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीने ही अडचण बरीचशी दूर केली. पण प्रगत अवस्थेत तीही तोकडीच पडते. गजाने केसाची जाडी मोजता येत नाही. म्हणूनच परदेशात अशा रुग्णांसाठी वेगळी चाचणी निघाली. पुढे केलेला हात हाती घेणे, हाकेसरशी मान वळविणे, यांनाही तीत गुण आहेत. वृद्धेला खुणेने कळते की केवळ स्पर्शाने, हे ठाऊक नसेल तर घास कसा भरवावा हे घरच्यांनी ठरवायचे कशावरून? दुखणे सांगता न आल्याने ती ओरडते, आणि उपचार होतो तो झोपेच्या गोळीचा! पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात अशी चाचणी, आगरी बोलीची जाण ठेवून, घेतली जावी. तिला यंत्रसामग्री लागत नाही. प्रशिक्षित माणसाचा अर्धा तास पुरतो.