बारा गावचं पाणी

‘बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस’ असं आपण म्हणतो, ते काही कौतुकानं नव्हे. गृहस्थ बनेल आहे, जपून राहा, असा त्यात इशारा असतो. वर्गात मीही वर्षानुवर्षं हाच अर्थ सांगत आलो. परवा आमच्या चिरंजीवांमुळे त्याचा फेरविचार करावा लागला.

चिरंजीव कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहेत. म्हणजे संघाच्या बाकावर आहेत. रात्री जेवताना म्हणाले, “बाबा, मी खेळ सोडतो. नाहीतर माझा टोनी मॅसेनबर्ग होईल.”

मी काय बोलणार? मी स्वतः तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. पावसाळ्यात नेमणूक, उन्हाळ्यात निरोप. एकोणीस वर्षांत सात कॉलेजं झाली. उपदेश करायला आपली खुर्ची तरी पक्की हवी! पण हा मॅसेनबर्ग कोण, ते मी रात्री जागून वाचलं.

हा अमेरिकेतला सहा फूट नऊ इंच उंचीचा गडी. १९९० साली सॅन अँटोनियोच्या संघानं त्याला ४३ व्या क्रमांकावर निवडलं. १९९१-९२ च्या एकाच मोसमात तो चार संघांतून खेळला. मग पोटासाठी स्पेन गाठलं. परत आला तो लॉस एंजेलिसला. मग टोरोंटो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, व्हँकुव्हर, ह्यूस्टन, युटा, सॅक्रामेंटो... व्हँकुव्हरचा तर अख्खा संघच २००१ साली उठून मेंफिसला गेला, आणि हाही त्याच्याबरोबर गेला! सारे मिळून बारा संघ.

त्याचं काम सेंटरचं. बास्केटखाली उभं राहायचं, धक्के खायचे, दुसऱ्याचा हुकलेला चेंडू झेलायचा आणि तिसऱ्याच्या हाती द्यायचा. टाळ्या त्या तिसऱ्याला. याच्या नावावर सामन्यामागे सरासरी सहा गुण. असा माणूस हरघडी कुणाला तरी हवा असतो. मात्र कायमचा कुणालाच नको असतो. हे वाक्य वाचताना मी चष्मा पुसला, हे घरात कुणाला ठाऊक नाही.

२००४ मध्ये तो पुन्हा सॅन अँटोनियोला आला. जिथून निघाला, तिथंच. २००५ च्या जूनमध्ये त्या संघानं डेट्रॉइटला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद मिळवलं. तारा होता टिम डंकन. आमचा गडी बहुतेक वेळ बाकावर. पण विजेत्या संघाच्या यादीत सदतिसाव्या वर्षी त्याचं नाव लागलं. बारा संघांचा त्याचा विक्रम पुढे ईश स्मिथनं तेरावा संघ गाठून मोडला. म्हणजे या वाटेलाही वारसदार आहेत.

सकाळी मी चिरंजीवांना एवढंच म्हणालो, “अरे, ज्याला बारा जणांनी बोलावलं, तो नकोसा कसा?”

तो काही बोलला नाही. पण संध्याकाळी बूट घालून सरावाला गेला. उद्या जाईल की नाही, मला सांगता येत नाही.

दिवाळीनंतर मला आठव्या कॉलेजात रुजू व्हायचं आहे. गाव लांब आहे, पहाटेची गाडी धरावी लागेल. डब्याची पिशवी शोधताना सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, अजून चार गावं बाकी आहेत तुमची!”

खरंच आहे. आधी या आठव्याचं पाणी कसं लागतं ते पाहू.