मानधन की मोबदला?

मराठीत कलावंताला मिळणाऱ्या पैशाला आपण वेतन वा मजुरी म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतो. शब्द मोठा देखणा आहे. मान आणि धन या दोहोंचे आश्वासन त्यात आहे. व्यवहारात मात्र मानाचा उच्चार करून धनाचा प्रश्न मिटवण्यासाठीच त्याचा उपयोग होतो. वेतन ठरवावे लागते, वेळेवर द्यावे लागते, थकले तर हक्काने मागता येते. मानधन देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि ते मागणारा कलावंत ‘व्यवहारी’ ठरतो. कला ही साधना, कला ही सेवा, ही आपली परिभाषा या शब्दाच्या पाठीशी उभी असते. ती साहित्याच्या वर्गांतूनही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असल्याने तिची चिकित्सा साहित्याच्या अभ्यासकांनीच केली पाहिजे. कलावंत हा श्रमिक आहे, आणि श्रमिक म्हणून संघटित झाल्याखेरीज त्याला मानही मिळणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विठाबाई नारायणगावकरांविषयी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच पडद्यामागे बाळंत झाल्या, आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. कलानिष्ठेचा आदर्श म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण हा प्रसंग नुसता निष्ठेचा आहे काय? नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला त्या रात्री नाचावे लागले, कारण न नाचण्याची सोय तिच्यापाशी नव्हती, हे त्यातले दुसरे वाक्य आपण गाळतो. राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. मान मिळाला, धनाचे काय झाले ते आपण जाणतो.

येथे कायद्याची एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली, आणि घोडेस्वारी, कसरती व ‘इतर खेळ’ दाखवणाऱ्या आस्थापनाही त्याच्या कक्षेत आल्या. म्हणजे रंगमंचावर राबणाऱ्या स्त्रीचा विचार कायद्याला अगदीच अपरिचित नव्हता. पण कागदावरचे कलम फडाच्या राहुटीपर्यंत नेणार कोण? ते वाचणारा, त्यावर बोट ठेवणारा आणि मालकापुढे एकट्या बाईला उभे न करता सर्वांच्या वतीने बोलणारा कोणी असावा लागतो. संघटना म्हणतात ती हीच.

ढोलकीफडाच्या तमाशाची अर्थव्यवस्था पाहिली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखातील यात्रा-जत्रा संपेपर्यंत फिरत राहतो. नाचणाऱ्या स्त्रिया, ढोलकीवाले, सोंगाड्या यांच्याबरोबर तंबू ठोकणारे, ट्रक हाकणारे, रांधणारे असा मोठा लवाजमा असतो. हंगामाआधी कलावंत मालकाकडून ‘उचल’ घेतो आणि हंगामभर ती फेडतो. हा शब्द महाराष्ट्राला दुसऱ्या एका ठिकाणीही परिचित आहे: ऊसतोड मजूरही उचल घेऊनच गाव सोडतो. पद्धत एक, भटकंती एक. फरक असा की ऊसतोड मजुरांनी संघटना बांधल्या, ‘कोयता बंद’ची हाक दिली, आणि त्यांच्या दराचा करार साखर संघाशी होऊ लागला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना ३४ टक्के दरवाढ मिळाली. त्यांचे दुःख संपले असे कोणीही म्हणणार नाही. पण त्यांच्या दरावर वाटाघाट होते. नाचणारीच्या दरावर अशी सामूहिक वाटाघाट कोठे होते?

चित्रपटाच्या क्षेत्राशी तुलना केली तरी हेच दिसते. मुंबईत नर्तकांपासून प्रकाशयोजनेच्या कामगारांपर्यंत निरनिराळ्या संघटना उभ्या राहिल्या. १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि लेखी कराराचे तत्त्व मान्य झाले. २०१२च्या प्रताधिकार दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा सुरक्षित केला. नव्या श्रमसंहितांनी ‘दृकश्राव्य कामगार’ ही व्यापक कोटी आणली. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. म्हणजे कॅमेऱ्यासमोर नाचणारी स्त्री कायद्याला नावानिशी दिसते. कनातीत नाचणारी तशी दिसत नाही. दोघींच्या कलेत नव्हे, त्यांच्या संघटनशक्तीत हे अंतर आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासालाही हा प्रश्न विचारला पाहिजे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक स्थापन केले. कामगारांच्या लढ्याला त्यांनी आवाज दिला, हे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. पण त्या आवाजाचा धनी काय खात होता, याची नोंद समीक्षेला अप्रस्तुत वाटते. अण्णाभाऊ १९६९ साली वारले, ते दारिद्र्याशी झगडतच. लेखकाच्या शब्दांतील वर्गजाणीव तपासणारी आपली समीक्षा त्याच्या मोबदल्याचा हिशेब मात्र तपासत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की फडमालकच कर्जात बुडालेला असताना त्याच्याविरुद्ध संघटना करून काय साधणार? आक्षेपात तथ्य आहे. २०२० आणि २०२१चे यात्रांचे हंगाम करोनात बुडाले, तेव्हा मालक आणि कलावंत दोघेही रस्त्यावर आले. पण त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की मागणी मालकापाशी थांबू नये. सुपारी देणाऱ्या यात्रा कमिट्या आणि कलेचा वारसा मिरवणारे शासन यांनाही वाटाघाटीला बसवावे लागेल. दुसरा आक्षेप असा, की कलेचे मोल पैशांत करता येत नाही. ते खरेच आहे. पण रात्रभराच्या उभ्या कामाचे, प्रवासाचे, आजारपणाचे मोल निश्चित करता येते. २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला, तोही प्रतिभेचा भाव ठरवण्यासाठी नव्हे. कामाच्या अटींसाठी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर मर्यादा घालण्यासाठी.

अध्यापनालाही ‘पवित्र पेशा’ म्हणत असत. आम्हां प्राध्यापकांच्या वेतनश्रेणी त्या पावित्र्यातून आलेल्या नाहीत. संघटना, मोर्चे आणि २०१३च्या परीक्षा-बहिष्कारासारख्या कटु संघर्षांनी आमचा पेशा आजच्या स्थितीला आला आहे. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना जे मिळते त्याला आजही काय म्हणतात? मानधनच. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत तर या शब्दाची परीक्षा सर्वोच्च न्यायालयातच झाली. एप्रिल २०२२च्या निकालात त्यांचे मानधन हे उपदानाच्या कायद्यापुरते वेतनच आहे, असे न्यायालयाने मानले. शब्दाचा अर्थ कोशात बदलण्याआधी लढ्यात बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मग आपण काय करावे? महाविद्यालयात शाहीर वा लावणी कलावंत बोलवताना शाल-श्रीफळाआधी लेखी करार द्यावा. त्यात रक्कम, प्रवासखर्च, निवास आणि पैसे देण्याची तारीख नमूद असावी. साथीदारांचा मोबदला स्वतंत्रपणे लिहावा. लोककलेवरील प्रबंधात फडाच्या जमाखर्चाला एक प्रकरण असावे. आणि कलावंत संघटना बांधू लागतील तेव्हा, ‘यांच्यातली कला संपली’ असा सुस्कारा टाकण्याऐवजी त्यांची घटना, त्यांचे अर्ज, त्यांची निवेदने लिहायला बसावे. मराठीच्या पदवीचा तेवढा उपयोग निश्चितच आहे.