ऊसतोडीआधी गावच्या मोऱ्या कोण पाहणार?

पाऊस ओसरला की कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ जवळ येते. तुम्ही तोडीची तारीख विचारता, ट्रॅक्टरवाल्याशी बोलता. पण ज्या पुलावरून ऊस जाणार, त्याच्या खाली शेवटचे कधी उतरला होता?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती, असे तेव्हा सरकारने सांगितले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. तो धोकादायक असल्याचा फलक लागलेला होता. म्हणजे एका ठिकाणी तपासणी होऊनही धोका दिसला नाही, दुसरीकडे दिसूनही पूल वापरात राहिला.

निधी कमी असतो हे खरे. म्हणूनच सगळे रस्ते सारखेच तपासण्यात अर्थ नाही. जो पूल गेला तर वस्तीला, दूध संकलनाला किंवा उसाला दुसरी वाटच उरत नाही, तो आधी पाहावा. पर्यायी रस्ता असलेला नंतर. पाहायची वेळही महत्त्वाची. पुराचे पाणी पायाजवळची माती खरवडून नेते आणि तो खड्डा पाणी उतरल्यावरच दिसतो. मेमधल्या तपासणीला पुढच्या पुराने केलेले नुकसान कसे कळणार?

सर्वांत स्वस्त काम म्हणजे पाण्याला वाट देणे. मोरीतला गाळ काढणे, रस्त्याकडेचा चर मोकळा ठेवणे, साइडपट्टी भरणे. डांबराखाली पाणी मुरले आणि वरून दोन ट्रेलरचा भरलेला ट्रॅक्टर गेला, की नवा रस्ताही टिकत नाही. आणि इथे आपलीही चूक आहे. शेतात गाडी न्यायला आपण पाइप न टाकताच चर बुजवतो, मग रस्ता खचला म्हणून ओरडतो.

तक्रार करण्याआधी रस्ता कोणाचा ते पाहा. ग्रामीण व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल ठेकेदारावरच असते. पाचवे वर्ष चालू असेल तर अर्ज आत्ताच द्या. मुदत संपल्यावर तेच काम नव्या निधीची वाट पाहत पडून राहते. कृषी सहायकांनी शिवारफेरीत मोऱ्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवले, तर ग्रामसभेच्या ठरावाला तेच जोडता येतील.