स्वतंत्रपूरचं एकही घर रिकामं राहू देऊ नका

सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, कारागृह खात्याची एक खुली वसाहत आहे. तिचं नाव स्वतंत्रपूर. जन्मठेपेचे कैदी इथे बायकामुलांना घेऊन राहतात, सरकारी जमीन कसतात, पिकवलेलं विकतात. हजेरी चुकत नाही, शिक्षा संपलेली नसते. पण पळायचं ठरवलं तर अडवायला भिंत नसते. क्षमता जेमतेम 28 कैद्यांची. राज्याच्या कारागृहांच्या यादीत ही वसाहत इतकी बारीक दिसते की, एखाद्या हिशेबी अधिकाऱ्याला ती बंद करून टाकावी असं कधीही वाटू शकेल. ते वाटण्याआधीच आपण सातारा-सांगलीकरांनी जागं व्हावं, म्हणून हा लेख.

आधी ती कुणी उभी केली ते ऐका. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ, अशा विखुरलेल्या तालुक्यांचं हे संस्थान. गादीवर सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले, चित्रकार राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जानेवारी 1939 मध्ये या राजाने आपले अधिकार गावपंचायतींच्या हाती सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्या मसुद्यावर गांधीजींचा हात फिरला होता. राजपुत्र आप्पासाहेब पंत या कामात बुडालेले होते आणि त्यांच्या बरोबरीला होते मॉरिस फ्रीडमन. हे वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू इंजिनिअर. बंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्याचं काम बघता बघता त्यांनी भगवी वस्त्रं घेतली आणि ते भारतानंद झाले. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांचे संवाद त्यांनीच इंग्रजीत आणले. तुरुंगातल्या माणसांना बेड्यांतून सोडवून मोकळ्या जमिनीवर, त्यांच्या कुटुंबासह वसवावं, हा आग्रह फ्रीडमन यांचा. राजाने तो मानला आणि 1939 च्या सुमाराला आटपाडीच्या माळावर स्वतंत्रपूर वसलं.

तो माळ कसला होता हे माणदेशी माणसाला सांगायला नको. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, खाली मुरूम, वर कुसळं. तिथे पीक काढायचं म्हणजे कोठडीत बसून दिवस मोजण्यापेक्षा कितीतरी कठीण शिक्षा होती. फरक इतकाच की घामाचं फळ डोळ्यांसमोर उगवत होतं आणि ते खायला लेकरं जवळ होती.

शेजारच्या माडगुळ्याच्या गदिमांनी पुढे याच वसाहतीवरून कथा रचली आणि 1957 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला. त्या वर्षीचं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं, बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर जगाने पाहिले. मूळ जागा मात्र आपल्यातल्या कितींनी पाहिली आहे? विटा-आटपाडी रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांमधल्या कितीजणांना ठाऊक आहे?

स्वतंत्रपूर वसलं त्याच काळात याच मुलखात कडक न्यायही चालू होता, हे लपवायचं कारण नाही. 1943 पासून प्रतिसरकारची, म्हणजे पत्री सरकारची, न्यायदान मंडळं गावोगाव निवाडे करत होती. दरोडेखोर, गावगुंड, फितूर यांना जबर शिक्षा होत. इंग्रजांशी लढायचं आणि लढ्याच्या आडून लुटणाऱ्यांपासून गावही राखायचं, अशा काळातली ती गोष्ट. तिला आज घरात बसून नावं ठेवणं मला जमणार नाही. पण बघा, एकाच औंध संस्थानात कुंडल हे प्रतिसरकारचं ठाणं होतं आणि आटपाडीला स्वतंत्रपूर होतं. दरारा कसा बसवायचा हे आपल्याला कळत होतं आणि माणूस परत कसा आणायचा हेही कळत होतं. आज पत्री सरकार पोरासोरांना माहीत आहे, त्याचे पोवाडे होतात. दुसरा वारसा आपण विसरत चाललो आहोत.

आणि त्याची गरज तर आजच जास्त आहे. जत्रेतल्या भांडणात मित्रांच्या मागून गेलेला, हातात कोयता आलेला वीस-एकवीस वर्षांचा पोरगा घ्या. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असं पोर माहीत नसलेला तालुका शोधावा लागेल. जन्मठेप लागली की तो बराकीत जातो. 2022 साली महाराष्ट्रातल्या तुरुंगांची क्षमता 25 हजारांच्या आसपास होती आणि कैदी 40 हजारांच्या वर होते. त्या दाटीवाटीत झोपायला जागा कोण देतो, कँटीनचं सामान कोण पुरवतो, बाहेरच्या आईला निरोप कोण पोचवतो? टोळीचा भाई. चौदा वर्षांनी हा बाहेर येतो तेव्हा बाप गेलेला असतो, जमीन भावकीने वाटून घेतलेली असते आणि ओळखीचा उरलेला असतो तो भाईच. त्याला पुन्हा गुन्ह्यात ढकलायला आणखी काय लागतं?

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1979 मध्ये धरमबीर खटल्यात खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या दोन तरुणांना खुल्या तुरुंगात ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. शेतात राबू द्या, घरच्यांशी नातं तुटू देऊ नका, हा त्याचा रोख होता. पुढे न्यायमूर्ती मुल्ला समितीनेही खुल्या कारागृहांचा पुरस्कार केला. आपल्या आटपाडीत हे चाळीस वर्षं आधीच चालू होतं.

दयेचं नाव काढलं की लोक चिडतात आणि त्या चिडीला कारण आहे. मे 2024 मध्ये पुण्यात भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर चिरडले आणि अल्पवयीन चालकाला 300 शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला. महाराष्ट्र पेटून उठला, ते योग्यच झालं. त्या जामिनाला दया म्हणायला माझी जीभ रेटत नाही. स्वतंत्रपूरची दया निबंध लिहून मिळत नाही. आधी बंद तुरुंगात वर्षं काढावी लागतात, वागणूक तपासली जाते, निवड होते. मग रोज मातीत उभं राहावं लागतं. बेशिस्त केली की परत बराक.

आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांचं काय? त्या आईला हा लेख वाचून दाखवायची वेळ आली तर मी कुठल्या तोंडाने वाचू? तिच्याकडे कुणी क्षमा मागू नये, तिने ती द्यावी असा उपदेशही कुणी करू नये. पण तिच्या हाती काहीतरी पडलं पाहिजे. कैद्याच्या मजुरीतला वाटा पीडित कुटुंबाला देण्याची सोय राज्यांनी करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 सालीच सुचवलं आहे. बराकीत बसलेला कैदी काय कमावणार आणि काय देणार? जमीन कसणारा देऊ शकतो. स्वतंत्रपुरात हे पक्क्या नियमाने सुरू व्हावं: वसाहतीच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा दरवर्षी त्या घरी पोचावा, कैद्याच्या कुटुंबाचा स्वयंपाक चालतो तितक्याच नेमाने.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. आपल्या खुन्यांवर विश्वास टाका, असं सांगायला परमुलखातून एक माणूस आला. आज मुंबई-तळोजाच्या तुरुंगांत परदेशातून आलेली तरुण पोरं आहेत. अंमली पदार्थ घेऊन पाठवलेलीही त्यांत आहेत. त्यांना भेटीला कुणी येत नाही, जामीन राहायला गाव नाही. गुन्हा केला त्याची शिक्षा त्यांनी भोगावीच. पण चांगली वागणूक दाखवणाऱ्या अशा पोराला, निव्वळ परका म्हणून, मातीत राबायची संधी कायमची नाकारावी का? फ्रीडमन यांच्या वसाहतीने तरी हा प्रश्न ऐकून घ्यावा.

राजस्थानात सांगानेरला 1963 पासून चालणारी खुली बंदीशाळा आहे. खुल्या कारागृहांचं क्षेत्र कुठेही कमी करू नये, असं मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आणि त्यानंतरही तिची जागा दवाखान्यासाठी द्यायचा घाट घातला गेला, तेव्हा लोक न्यायालयात गेले. तिथले लोक जागे होते. माणदेशातही टेंभू योजनेचं पाणी येऊ लागलंय, डाळिंबाच्या बागा वाढल्या आहेत. जमिनीला भाव आला की अशा शांत जागांवर पहिली नजर जाते.

म्हणून आपण आत्ताच हालू या. आटपाडीकरांनो, वसाहतीचा माल बाजारात आला तर आवर्जून घ्या आणि तिथल्या मुलांना शाळेत कुणी ‘कैद्याचं पोर’ म्हणणार नाही एवढं बघा. सातारा-सांगलीच्या वकील मंडळींनो, तुमच्या तरुण अशिलाला शिक्षा लागली की फाइल बांधून ठेवू नका. खुल्या वसाहतीसाठी तो केव्हा पात्र ठरतो हे त्याच्या घरच्यांना सांगा आणि अर्ज करायला लावा. महाविद्यालयांनो, औंधच्या घटनेचा अभ्यास करताना मुलांना परवानगी काढून इथे आणा, जुन्या माणसांच्या आठवणी लिहून काढायला लावा. आमदार-खासदारांनी तीन गोष्टींचा पाठपुरावा करावा: वसाहतीची एक गुंठाही जमीन दुसरीकडे जाऊ नये, शेताला टेंभूचं पाणी मिळावं, आणि रिकामं झालेलं घर महिन्याभरात भरावं, तेही पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या तरुणांना पहिला हक्क देऊन.

आणि तुम्ही वाचक, एक पत्र लिहा. पत्ता: अपर पोलीस महासंचालक व कारागृह महानिरीक्षक, पुणे. स्वतंत्रपुरात आज किती घरं भरलेली आहेत, किती रिकामी आहेत आणि रिकामी असतील तर का, एवढंच विचारा. साताऱ्यातून शंभर, सांगलीतून शंभर पत्रं गेली तर त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल.