नाकेबंदी नेमकी कुणाची?

मेसमधल्या टीव्हीवर 'अमुक देशावर निर्बंध' अशी बातमी लागली की आपण म्हणतो, "आपल्याला काय त्याचं?" पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांतून कानावर पडणारी तेलुगू आठवा. तिथल्या अनेक कामगारांचे पूर्वज निजामाच्या तेलंगणातून आलेले. आणि 1948 साली अशाच निर्बंधांची सरहद्द सोलापूरला लागून होती!

तेव्हा हैदराबाद संस्थानात स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस लोकांचं राज्य मागत होती, आणि कासीम रझवीचे रझाकार ती मागणी दडपत होते. भारत सरकारने नाकेबंदी केली. कागदोपत्री नाकारली, पण माल अडत होता. औषधंसुद्धा अडली, अशी निजाम सरकारची तक्रार होती. रझवी नमला का? मुळीच नाही! शेवटी 13 सप्टेंबरला सोलापूरहून फौज नळदुर्गकडे निघाली आणि पाच दिवसांत निजाम शरण आला.

ही मुक्ती हवीच होती. पण त्या काळात जो हिंसाचार झाला, त्यात किमान 27 ते 40 हजार माणसं मेली, असा सुंदरलाल समितीचा अंदाज आहे. मेलेले बहुतेक साधे मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसली त्यात आपल्या शेजारचे उस्मानाबाद आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. रझवी मात्र 1957 साली तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला.

याच सप्टेंबरात निजामाचे दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या नावावर वळवले गेले. वाद झाला, पैसे गोठले, ते थेट 2019 च्या निकालापर्यंत! यात कुणा गरिबाचं मीठ-औषध अडलं नाही.

म्हणून मला नाव घेऊन लादलेले निर्बंध पटतात. 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा अमेरिकेने सेनाधिकाऱ्यांची नावानिशी मालमत्ता गोठवली. 2023 मध्ये सुदानमध्ये लोकशाहीची वाट अडवणाऱ्यांसाठीही असाच आदेश काढला. कुणी म्हणेल, "यादीत नाव आलं म्हणून कुठला सेनापती खुर्ची सोडतो?" खरंय, म्यानमारमध्येही सोडली नाही. पण सरसकट नाकेबंदीने तरी रझवी कुठे हलला होता? दोन्ही उपाय अपुरेच, तर निदान निरपराधाच्या ताटाला हात न लावणारा निवडावा.

शिक्षा नाव पाहून द्यावी, गाव पाहून नव्हे. सोलापूरकरांना तरी हे वेगळं सांगायला नको!