कुंपण हलले, शेत मोजले!

सुरत जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 49 लाख 95 हजार 174 होती. 2011 साली ती 60 लाख 81 हजार 322 भरली. घाईचा माणूस हे दोन आकडे शेजारी मांडील आणि दहा वर्षांत 22 टक्के वाढ झाली, असे सांगून मोकळा होईल. पण मधल्या काळात, 2007 साली, ह्याच जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके तोडून तापी जिल्हा झाला, त्याचे काय? त्या मुलखाची 2001 ची 7 लाख 19 हजार 634 माणसे वजा केली, म्हणजे खरी वाढ 42 टक्के ठरते. कुंपण हलवून शेत मोजले, की पीक असेच चुकते!

सुरतेच्या हिशोबाशी आम्हा गोमंतकीयांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जिव्हाळ्याचा आहे. 1 मे 1960 रोजी डांग तर गुजरातेत गेलाच, पण उंबरगाव तालुक्यातली गावे आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा ह्या तालुक्यांतली 156 गावेही गेली. 1951 साली ठाणे नि पश्चिम खानदेशाच्या तक्त्यांत असलेली ही माणसे 1961 साली गुजरातच्या तक्त्यांत दिसू लागली. उंबरगावची गावे आधी सुरतेत आणि नंतर वलसाडात मोजली गेली. निझर-उच्छलकडची सुरतेतून तापीत गेली. चूल हलली नाही, बोली हलली नाही. पत्ता तेवढा बदलला. अशा तक्त्यांवरून सुरत जिल्ह्यात मराठी वाढली की घटली हे ठरवायचे कसे? ना कोणी आले, ना कोणी गेले, तरी आकडा चढतो आणि उतरतो!

खुद्द सुरत शहराचीही तीच तऱ्हा. 2006 आणि 2020 साली महानगरपालिकेची हद्द वाढली. खानदेशातून पोटासाठी येऊन लिंबायत-उधन्यात राहिलेला मराठी कामगार वेगळा, आणि सरकारी हुकुमाने घरबसल्या शहरवासी झालेला खेडूत वेगळा. दोघांची एकच मोळी बांधली, तर मराठी शाळेचे वर्ग कोठे हवेत हे कोणालाच कळणार नाही. नुकसान होईल ते पोरांचे!

ह्यावर उपाय अवघड नाही. जिल्हा हा कागदाचा, गाव जमिनीचे. जनगणनेची गाववार कोष्टके असतात. आजच्या हद्दीतली गावे घ्यावीत, त्यांचेच जुने आकडे शोधून बेरीज करावी, आणि मगच तुलना करावी. गावच दुभंगले असेल तर अंदाज करावा लागेल. पण तो अंदाज म्हणूनच छापावा.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे, आणि 31 डिसेंबर 2025 नंतर सीमांना हात लावू नये असा दंडक घातला गेला. हे योग्यच झाले. परंतु तेवढ्याने भागत नाही. 2011 नंतर कोणते गाव कोठून कोठे गेले, ह्याची गाववार यादी आकड्यांबरोबरच, लोकांच्या भाषेत प्रसिद्ध झाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

आणि एक गोष्ट आमच्याच माणसांना. मराठीचा टक्का आपल्या सोयीचा निघाला, की हद्द न तपासता तो व्यासपीठावरून फेकण्याची खोड आपल्यालाही आहे. ती टाकली पाहिजे. 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाला 1 लाख 38 हजार 170 मते पडली, विरोधात 1 लाख 72 हजार 191. चौतीस हजारांनी आम्ही हरलो. तो आकडा आम्हाला कडू लागला, पण खोट्या आकड्याने मिळालेला विजय त्याहून कडू लागला असता. सीमेचा लढा सत्याचा म्हणवायचा असेल, तर आपली मोजणीही सत्याचीच हवी!